मोठा आज्जा

जमिनीला वारसा लावायला वंशवृक्ष पाहिजे, असं कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं. त्यात सगळ्यात वर पणजोबा बसवायचे होते, आणि त्यांचं नावच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या खानापूर भागात नातवाला आज्याचं नाव ठेवतात. पण सून सासऱ्याचं नाव घेणार कशी? म्हणून मी कागदावर यल्लाप्पा आणि घरात बाळू. वडील कागदावर परशराम, गल्लीत दादू. ठेवलेलं नाव कुणी उच्चारायचं नाही आणि उच्चारातलं कुठे लिहायचं नाही, असा चोख बंदोबस्त.

थोरल्या आत्तीला विचारलं, "तुझ्या आज्ज्याचं नाव काय गं?"

"आज्जाच की रे!"

"पर लोक काय म्हणायचे?"

"मोठा आज्जा म्हणायचे बघ."

मग कागद काढले. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, त्यामुळे आमच्या पेटीतले जुने कागद मोडी. त्यानंतरचे उतारे कानडी. मोडी वाचणाऱ्याला कानडी येत नव्हती, कानडी वाचणाऱ्याला मोडी म्हणजे मुंग्यांची रांग. मधे मी, दोन्ही बाजूंनी मान डोलवत. 'परशराम बिन यल्लाप्पा', म्हणजे यल्लाप्पाचा लेक परशराम, सापडला. खालच्याच कागदावर 'यल्लाप्पा बिन परशराम'. त्याखाली परत परशराम! सौंदत्तीची यल्लम्मा आणि तिचा लेक परशराम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून नांदत होते. यातला आमचा नेमका कोण, हे देवीलाच माहीत.

कचेरीत गेलो तर कारकून म्हणाले, "मरणदाखला आणा."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच आणा. नाळे बर्री." म्हणजे उद्या या.

तेवढ्यात भाऊबंद जागे झाले. वाटणीचा वास आला की चार गल्ल्यांपलीकडचाही 'माझाच पणजा' म्हणत येतो. एका चुलत्याच्या मते तर पणजोबा शिवकाळातले भीमगडाचे किल्लेदार. मधे दोनेक शतकं आडवी येत होती, पण चुलते हटेनात.

शेवटी सुगी उरकल्यावर हेळवी आला. पूर्वी हे लोक बैलावर बसून यायचे, आमचा मोटरसायकलवर आला. कुळ्या, म्हणजे घराण्याच्या पिढ्या, सांगणं हाच यांचा पिढीजात धंदा. कट्ट्यावर घोंगडं टाकलं, सुपात जोंधळे आणि वर दक्षिणा ठेवली. त्यानं वही उघडून सूर लावला आणि मूळ पुरुषापासून सगळे यल्लाप्पा-परशराम एका दमात उतरवले. कुणाला किती लेक, कोण निपुत्रिक, कोण दत्तक, सगळं. किल्लेदार कुठेच नव्हता. पण आमचा परशराम लख्ख सापडला, मोठा आज्जा तोच! सगळे चुलते पुढे सरकले.

"ह्येच काय तुमचं पणजं?" हेळव्यानं विचारलं.

"व्हय व्हय, आमचंच!" सगळे एका सुरात.

हेळव्यानं पान उलटलं. "त्येनी आमच्या आज्ज्याला एक खोंड कबूल केल्यालं. त्ये अजून यायचं हाय."

कट्ट्यावर एवढी सामसूम झाली की आतली फोडणी ऐकू आली. मग किल्लेदारवाले चुलते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळू, तसं बघायला गेलं तर तुमची शाखा थोरली न्हवं काय?"