साधा टी-शर्ट आणि काउबॉयचं सामान

साध्या टी-शर्टवर 'वेस्टर्न' सामान कसं घालायचं, त्याबद्दल हे. 'वेस्टर्न' हा शब्द इथे सरसकट पाश्चात्त्य कपड्यांसाठी वापरलेला नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्यावर बसून गुरं हाकणाऱ्यांचा पेहराव, म्हणजे टोकदार बूट, रुंद पट्टा, टिचबटणांचा शर्ट, गळ्यात रुमाल आणि हॅट. त्यातलं बरंच काही मुळात मेक्सिकोच्या वाकेरो गुराख्यांचं. साध्या टी-शर्टवर हे सामान झकास दिसू शकतं, पण पुष्कळदा माणूस वेशभूषा स्पर्धेला निघाल्यासारखा दिसतो आणि बोल लागतो बिचाऱ्या हॅटला. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा चूक टी-शर्टची असते.

चामडं, जाड डेनिम, फेल्ट (हॅटचं दाबून केलेलं जाड कापड) हा सगळा वजनदार माल. त्याच्या मधोमध 140 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन 140 ग्रॅम) टी-शर्ट घातला की तो बनियन वाटतो. खोचला की पोटावर लाटा उठतात, पट्ट्याच्या वर फुगा येतो. 200 ते 240 जीएसएमचा सुती टी-शर्ट घ्या. गळ्याची रिब, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद आणि घट्ट हवी, कारण रुमाल किंवा उघडा शर्ट आला की नजर तिथेच जाते आणि लोंबणारा गळा सगळ्यावर पाणी फिरवतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. सुती कापड पहिल्या धुण्यात पाच टक्क्यांपर्यंत आटू शकतं, तेही जास्त करून लांबीत. त्यामुळे नवा असताना जेमतेम खोचला जाणारा टी-शर्ट दोन धुण्यांनंतर हात वर केला की बाहेर येतो.

रंगाबद्दल एक हट्ट. झगझगीत निळसर पांढरा टी-शर्ट तपकिरी चामड्याशेजारी कोरा आणि उपरा दिसतो. सायीच्या रंगाचा, राखाडी किंवा धुऊन विटलेला काळा घ्या. छातीवर काही छापलेलं नको. घोड्याचं चित्र तर नकोच नको.

आता मोजणी. हॅट, गळ्यातला रुमाल, मोठं बक्कल, बूट आणि झालरीचं जाकीट ही पाच बोलकी माणसं आहेत. एका वेळी दोघांनाच बोलू द्या, आणि ते दोघे शेजारी नसावेत. हॅट आणि बक्कल चालेल. रुमाल आणि बूट उत्तम. हॅट आणि रुमाल मात्र एकाच चेहऱ्याभोवती गर्दी करतात, की झाला बँक लुटायला निघालेला दरोडेखोर.

सुरुवात बुटांपासून करा, कारण पँटची लांबी त्यांच्यावर ठरते. या बुटांचा आकार कामातून आलाय. टोक निमुळतं, म्हणजे पाय रिकिबीत सहज जावा. टाच उंच, म्हणजे तो आरपार घसरू नये. नाड्या नाहीत, म्हणजे पडलात तर पाय बुटातून सुटावा. चालायचंच असेल तर तिरकी दोन इंची टाच कशाला? इंच-सव्वा इंचाची बुटकी टाच घ्या, तिला रोपर म्हणतात. घालून बघताना पंजाचा सगळ्यात रुंद भाग बुटाच्या रुंद भागात बसतोय का ते पाहा. नव्या बुटात टाच पाव ते अर्धा इंच उचलली जाणारच. तळवा वाकायला लागला की ते कमी होतं. या भीतीने एक नंबर लहान घेणारे पुढे बोटांना फोड आणून घेतात.

जीन्स बुटांच्या बाहेर. खालची मोहरी सपाट मोजून आठ इंचांपेक्षा कमी असेल तर ती बुटाच्या नळीवर अडकते आणि चालताना वर चढत राहते. साडेआठ-नऊ इंच निर्धास्त. लांबी नेहमीपेक्षा दीड-दोन इंच जास्त हवी, म्हणजे मागची कड जमिनीपासून सेंटिमीटरभर वर राहील आणि बुटावर दोन-तीन चुण्या पडतील. घोड्यावर बसल्यावर पँट वर सरकते, म्हणून ही लांबीची रीत. खालून कापून घ्यायची तर आधी दोनदा धुवा आणि मोजताना तेच बूट घाला. या धोपट कामाच्या पँटला तांब्याचे रिव्हेट मारायचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना 1873 मध्ये मिळालं, तेही खिसे फाटू नयेत म्हणून. त्यावर चमचमणारे खडे जडवलेले बघवत नाहीत.

पट्टा दीड इंच रुंद घ्या. जीन्सच्या लुप्समध्ये तोच नीट बसतो, अरुंद पट्टा वर-खाली हलतो. माप कंबरेपेक्षा दोन इंच जास्त, आणि ते पट्ट्याला बक्कल जोडलेलं असतं तिथपासून मधल्या भोकापर्यंत. रोडिओत, म्हणजे काउबॉयच्या स्पर्धांत, बक्षीस म्हणून मिळतात तसली ताटलीएवढी बक्कलं टी-शर्टवर जड जातात. बसलं की पोटात रुततात, ते वेगळंच. अडीच-तीन इंचांच्या आत राहा. टी-शर्टला पोटाजवळ बारीक भोकं पडतात तेव्हा कसरीला शिव्या बसतात. अनेकदा गुन्हेगार असतो बक्कलचा मागचा खरखरीत काठ किंवा जीन्सचं बटण. काठावरून बोट फिरवून बघा आणि गरज वाटली तर बारीक पॉलिश पेपरने घासा.

खोचायची पद्धत: जीन्स उघडी ठेवून टी-शर्ट खाली ओढा, दोन्ही बाजूंच्या शिवणींजवळचं जास्तीचं कापड चिमटीत धरून मागे दुमडा, मग जीन्स लावा. शेवटी दोन्ही हात एकदा वर करा. जेवढं सुटायचं तेवढं सारखं सुटतं. बक्कल दाखवायचंय पण पूर्ण खोचायचं नाही, तर फक्त समोरचं चार बोटं कापड आत.

टिचबटणांचा शर्ट टी-शर्टवर उघडा टाकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी फसणारा प्रयोग. 1946 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात रॉकमाउंट ही कपड्यांची कंपनी सुरू करणारे जॅक वाइल यांनी ही बटणं लोकप्रिय केली. शर्ट कुठे अडकला तर फाटण्याऐवजी फटाफट उघडतो. काढताना मात्र दोन्ही कडा धरून झटका देऊ नका. बटणाच्या अगदी जवळ धरा, नाहीतर पातळ कापडातून बटणच उपटून येतं.

सुती रुमाल साधारण 22 इंची चौकोन असतो. तिरका दुमडून त्रिकोण करा, टोकाकडून दोन-दोन इंचांच्या घड्या घालत पट्टी करा आणि गाठ मानेच्या बाजूला येऊ द्या. नवा लाल रुमाल घामाने रंग सोडतो आणि सायीच्या रंगाच्या टी-शर्टचा गळा गुलाबी होतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळा धुवा, खळही जाईल आणि तो मऊ पडेल. बोलो टाय टी-शर्टवर नकोच. ती दोरी कॉलरखालून जायला बनलेली आहे, कॉलर नसेल तर ओळखपत्राच्या नाडीसारखी लोंबते. फिरोजा आणि चांदी आवडत असेल तर एक अंगठी किंवा एक कडं पुरे. ही कारागिरी अमेरिकेतल्या नवाहो आणि झुनी या मूळ रहिवासी लोकांची आहे हे लक्षात असू द्या, आणि अगदी एकसारखा निळा, स्वस्त खडा दिसला तर तो बहुधा रंगवलेला हाउलाइट, म्हणजे मुळातला पांढरा दगड, असतो.

हॅटचं माप कानांच्या जरा वरून, कपाळाभोवती टेप फिरवून. 58 सेंटिमीटर म्हणजे सव्वासात नंबर. थोडी सैल असेल तर आतल्या पट्टीमागे फोमची चिकटपट्टी लावता येते, घट्ट असेल तर डोकं दुखणारच. वरच्या खळग्याला धरून उचलू नका, तिथेच फेल्ट दबतं आणि गवती हॅट तडकते. काठाला धरा. ठेवताना उलटी ठेवा, काठावर ठेवलेली हॅट चपटी होते. आणि उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका, आतली चामड्याची पट्टी आखडली की हॅटचा नंबर बदलतो.