चुंबक चिकटला म्हणून चाकू नकली ठरत नाही

‘पावसात चाकू गंजतोय? म्हणजे तुम्हाला नकली स्टील विकलंय!’ अशा मथळ्याचा मेसेज पावसाळा लागल्यापासून ट्रेकच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. लोहचुंबक चिकटला तर ते स्टेनलेस नाही. स्टीलमध्ये मिसळलेल्या क्रोमियम धातूच्या टक्क्यांचा आकडा जितका मोठा तितका गंज कमी. खात्री करायची तर चाकू रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. गंज आलाच तर टॉयलेट क्लीनरमध्ये दहा मिनिटं बुडवा. आणि कार्बन स्टील, म्हणजे क्रोमियम जवळजवळ नसलेलं साधं पोलाद, मुंबईत चालतच नाही. हे वाचून माझ्या मावशीने तिचा चांगला स्विस घडीचा चाकू क्लीनरमध्ये बुडवला, म्हणून सुरुवात त्याच दाव्यापासून.

टॉयलेट क्लीनरमध्ये सहसा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. स्टेनलेस टिकतं ते वरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे लगेच पुन्हा तयार होतो. हे आम्ल तो थर काढून टाकतं आणि त्यातलं क्लोराइड तो परत धड बनू देत नाही. वरचा तपकिरी डाग जातो, म्हणून लोकांना उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. खाली मात्र पातं राखाडी, निस्तेज होतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. अशा खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, क्लोराइड साठत जातं, आम्लता वाढते आणि खड्डा आतल्या आत खोल होतो. त्यात घडीच्या चाकूचा सांधा आणि स्प्रिंग वरवर धुऊन साफ होतच नाहीत. बहुतेक स्विस चाकूंमध्ये पात्यांच्या मधल्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, त्या या आम्लात फसफसून झिजतात. आणि कोणी ‘अजून स्वच्छ’ करायला वरून ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

ज्यांनी आधीच बुडवलाय त्यांनी सगळी पाती उघडमीट करत वाहत्या नळाखाली दोन-तीन मिनिटं चाकू धुवावा. मग पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून त्यात पाच-दहा मिनिटं ठेवावा, तिथेही पाती हलवत राहावं. पुन्हा धुवून, पंख्याखाली पूर्ण सुकवून सांध्यात एकेक थेंब तेल सोडावं. साध्या गंजाला एवढंही लागत नाही. सोड्याची घट्ट पेस्ट आणि जुना टूथब्रश पुरतो. डाग हटलाच नाही तर २००० नंबरचा पॉलिश पेपर तेल लावून पात्याच्या लांबीच्या दिशेने हलका फिरवावा. लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे बारीक कण पात्यावर रुततात आणि मग तेच गंजतात.

आता चुंबक. घरचे चांगले डबे ३०४ स्टीलचे असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही, आणि गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि ते तापवून विझवलं तरी कडक होत नाही. त्याच्या पात्याला धार टिकणार नाही. चाकूचं स्टील हजार अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात. त्यातून जी कडक रचना तयार होते, तिला मार्टेन्साइट म्हणतात, ती चुंबकाला ओढतेच. ४२०, ४४०सी, १२सी२७, व्हीजी-१० या चाकूंसाठीच्या सगळ्या स्टेनलेस प्रकारांना चुंबक चिकटतो. अपवादाची काही स्टील आहेत, पण ती गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. दुकानातल्या साध्या चाकूला चुंबक अजिबात चिकटला नाही, तर उलट त्याच्या धारेबद्दल शंका घ्यावी.

क्रोमियमच्या दाव्यात मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. पण त्यापुढे एकूण आकडा बघून काही कळत नाही, कारण थर बनवायला फक्त लोखंडात विरघळलेलं क्रोमियम उपयोगी पडतं. कार्बन जास्त असला की तो क्रोमियमला पकडून कार्बाइडचे कण बनवतो. डी२ हे चाकूंचं स्टील बघा: १२ टक्के क्रोमियम, पण सोबत दीड टक्का कार्बन. निम्म्याच्या आसपास क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि डी२ जुलैच्या मुंबईत ओलं राहिलं की डागाळतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कितीतरी चाकू याच स्टीलचे असतात. ४४०ए, ४४०बी आणि ४४०सी या तिन्हींत क्रोमियम १६ ते १८ टक्केच, पण कार्बन ए पासून सी पर्यंत चढत जातो आणि गंजाला तोंड देण्याची ताकद तशी उतरत जाते.

मेसेजवाल्यांसाठी सगळ्यात भक्कम उत्तर मॅग्नाकट हे आहे. धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी बनवलेलं हे स्टील २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम फक्त १०.७ टक्के, म्हणजे डी२ पेक्षा कमी. पण कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियम या दुसऱ्या धातूंशी बांधला जातो, जवळजवळ सगळं क्रोमियम मोकळं राहतं, आणि ते गंजाला डी२ च्या कितीतरी पट चांगलं तोंड देतं. १४सी२८एन या स्टीलमध्ये थोडा नायट्रोजन घालून हेच काम साधलंय. एलसी२००एन मध्ये तर बऱ्याचशा कार्बनची जागा नायट्रोजनने घेतली आहे, म्हणून समुद्रावर वापरायचा असेल तर ते बघावं.

शिवाय एकच स्टील दोन कारखान्यांतून वेगळं निघतं. कडक केल्यानंतर ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवलं तर बारीक क्रोमियम कार्बाइड सुटतात आणि संरक्षण घटतं. २०० च्या आत ठेवलं तर टिकतं. धारवाल्याच्या कोरड्या चाकावर धारेला निळसर झाक आली, तर तिथला कडकपणाही गेला आणि गंजाला वाटही मिळाली. पाणी मारत धार लावायला सांगा.

मिठाच्या पाण्याच्या परीक्षेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के असतं, आणि अशा पाण्यात रात्रभर ठेवलं तर उत्तम ४४०सी वरही ठिपके येऊ शकतात. त्यातून असली-नकली कळत नाही, चांगला चाकू मात्र खराब होतो. खडबडीत, मॅट केलेलं पातं गुळगुळीत पात्यापेक्षा लवकर डागाळतं, स्टील तेच असलं तरी.

राहिलं कार्बन स्टील. ते ओलं ठेवलं तर पावसाळ्यात काही तासांत गंजतं, हे खरं. पण मासळी बाजारातले कोयते, घरोघरच्या जुन्या विळ्या बहुतेक अशाच लोखंडाच्या, आणि रोज धुवून पुसल्या की वर्षानुवर्षं चालतात. कांद्या-लिंबाने त्यांच्यावर येणारा करडा-निळा थर म्हणजे गंज नव्हे, तो घासून काढू नये. खाण्याच्या कामाच्या चाकूला औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन पुसटसं लावावं. शेंगदाण्याचं तेल काही काळाने चिकट होतं आणि सांधा अडकतो. चामड्याच्या म्यानात जून ते सप्टेंबर चाकू ठेवू नये, कारण चामडं ओल धरून ठेवतं. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचाच तर आधी पूर्ण सुकवून, सोबत सिलिका जेलची पुडी घालून.