दे हानला सोवळा करू नका

भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड तिने मला पाठवला आणि खाली विचारलं, 'मावशी, खरंय का गं?' मजकूर असा: 'रब्बी याकोब दे हान जन्मभर झायोनिझमशी लढला. १९२४ साली इस्रायल सरकारने त्याला मारलं आणि बदनामीसाठी समलिंगी ठरवलं.' (झायोनिझम म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारायची चळवळ.)

१९२४ साली इस्रायल सरकार कुठून आणलंत? ते राज्य १९४८चं; तेव्हा पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरूही, तो नव्हे. हॉलंडमधला ज्यू; शिक्षक, मग वकील, कवी, पत्रकार. आणि जन्मभर कसला? १९१९ला तो जेरुसलेमला आला तो झायोनिस्ट म्हणूनच. तिथे मन फिरलं, रब्बी सोनेनफेल्ड यांच्या झायोनिझमविरोधी कर्मठ ज्यू गटात तो गेला, अरब नेत्यांशी बोलणी करू लागला.

आता ती 'बदनामी'. १९०४ साली, बाविसाव्या वर्षी, दोन तरुणांच्या संबंधांवरची 'पैपलैन्त्येस' ही कादंबरी त्याने स्वतःच्या नावाने छापली. अर्पण केली होती डॉक्टर मित्र आलेत्रिनोला, आणि पात्रांत लोकांना हे दोघंच दिसले. आलेत्रिनोने आणि दे हानच्या वाग्दत्त वधूने मिळून जवळपास सगळ्या प्रती विकत घेऊन गायब केल्या. तरी त्याची शाळेतली नोकरी गेली, समाजवादी दैनिकातलं मुलांचं सदरही गेलं. हेही झायोनिस्टांचं कारस्थान का? जेरुसलेमच्या चौपद्यांत तो ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी बसून स्वतःलाच विचारतो, मी वाट कोणाची पाहतोय, देवाची की त्या मोरोक्कन पोराची? त्या 'पोरा'मुळे आज त्याचे चाहतेही अवघडतात, आणि अवघडावंच. पण लिहिलंय त्यानेच. त्याची एक ओळ अॅमस्टरडॅमच्या समलिंगी स्मारकावर कोरलेली आहे. संत हवा म्हणून त्याची कविता पुसायची, आणि वर समलिंगी असणं म्हणजे बदनामी हे पोरांना शिकवायचं!

एक मान्य करते, नाइलाजाने. खुनानंतर 'अरब पोरांच्या भानगडीत गेला' अशी कुजबुज पसरली आणि मारेकऱ्यांना ती सोयीची ठरली. ३० जून १९२४ला शारे झेदेक रुग्णालयातल्या सिनेगॉगमधून (ज्यू प्रार्थनास्थळातून) बाहेर पडताना त्याला गोळ्या घातल्या. हागाना या झायोनिस्ट सशस्त्र संघटनेच्या अव्राहम तेहोमीने १९८५च्या सुमारास इस्रायली पत्रकारांना उघड सांगितलं, हागानाने ठरवलं ते मी केलं, आणि यित्झाक बेन-झ्वींच्या हुकुमाशिवाय काहीच झालं नाही. हे बेन-झ्वी पुढे इस्रायलचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. फॉरवर्डमध्ये या दोघांचं नावही नाही.