मिरगाआधीचा रविवार

आईनं फोनवर आधी ख्यालीखुशाली विचारली की माझ्या पोटात गोळा येतो. एरवी ती थेट मुद्द्याला हात घालते. "खताचं पैसं पाठव" किंवा "तुझ्या मामाचा गुडघा बदलायचा ठरलाय", एवढं सांगून फोन ठेवते. परवा मात्र सूनबाई बरी आहे का, साताऱ्यात उकडतंय का, पोरीचा निकाल काय लागला, अशी सगळी प्रदक्षिणा झाली आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "रोहिणी निघाली बग. दादा म्हणत हुतं, कौलं परतायची हाईत." दादा म्हणजे माझे वडील.

रोहिणी नक्षत्र निघतं २५ मेच्या आसपास आणि मिरीग ७-८ जूनला. मधल्या चौदा दिवसांत पाटण तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगात येतं. जळण आत घ्यायचं, शेणींचा हुडवा झाकायचा, वाकळा नदीवर नेऊन आपटायच्या, धूळवाफेत भात पेरायचं. आढीतले आंबे दिवसाआड निवडायचे, त्यातले नासके म्हशीला, चांगले पाहुण्यांना आणि ज्यांचं काय ते ठरत नाही ते आम्हाला. ही सगळी कामं घरातले सगळे मिळून करतात. कौलं मात्र मी परततो.

छापील मराठीत याला घर शाकारणं म्हणतात. आमच्याकडं कौलं परतायची म्हणतात, आणि भाकरी परतल्यासारखं हे काम होत असेल असा माझ्या बायकोचा लग्नानंतर दोन वर्षं समज होता. प्रत्यक्षात एकेक ओळ उचलायची, खाचांतला पालापाचोळा आणि वर्षाची धूळ झाडायची, कौलांखालची लाकडी पट्टी, म्हणजे रीप, वाकडी झाली असेल तर ठोकून सरळ करायची, कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. टणटण वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा आहे, खाली द्यायचं. मग पुन्हा खाचेत खाच बसवत ओळ लावत यायचं. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं. आमच्या वाटणीला हजारावर कौलं आहेत. गुणाकार मी मुद्दाम कधी केलेला नाही.

हे काम माझ्याकडं आलं त्याला कारण होतं. १९९१ साली मी दहा वर्षांचा होतो आणि अठ्ठावीस किलोचा होतो. हलकं पोरगं वर चढलं तर कौलं फुटत नाहीत, हा दादांचा हिशोब बरोबरच होता. पण त्या नेमणुकीला कुणी मुदत घातली नाही. आज मी शहाऐंशी किलो आहे. तीन वर्षांपूर्वी मी ही बाब घरच्यांच्या नजरेला आणून दिली, तर आई म्हणाली, "कुठं रं? वाळलायस की."

गावात पूर्वी हे काम करणारा एक माणूस होता. तो आता पत्रे बसवतो. दरवर्षी वाटेत भेटला की "पत्रा टाका, एकदाच सुटका हुईल" असं सांगतो, आणि दादा दरवर्षी तेच उत्तर देतात, की पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजतो आणि पावसाळ्यात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. या दुसऱ्या मुद्द्यावर आई गप्प बसते, पण तिच्या चेहऱ्यावरनं पत्र्याला तिचा पाठिंबा असावा असं मला वाटतं.

दादांचा खरा अडथळा वेगळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात आमचं जुनं घर बसलं. जिजी, म्हणजे माझी आजी, तेव्हा लेकुरवाळी होती. तिच्या बोलण्यात आजही इसवी सन नसतं. भूकंपाआधी आणि भूकंपामागं अशा दोनच काळांत जग विभागलेलं आहे. ढिगाऱ्यातनं जी कौलं शाबूत निघाली ती धुऊन-पुसून नव्या घरावर चढली. त्यांतल्या काहींच्या पोटावर इंग्रजीत बासेल मिशन, मंगळूर आणि १८६५ असे शिक्के आहेत. शाळेत असताना ते वाचून मी वर्गात सांगितलं, की आमचं छप्पर सत्तावनच्या उठावानंतर आठच वर्षांनी झालेलं आहे. गुरुजी खास बघायला आले, चहा पिऊन गेले. पुढं कधीतरी कळलं, की १८६५ हे त्या मिशनचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौलाचं नव्हे. दादांना हे मान्य नाही. "छापलंय ते काय खोटं?" त्यामुळं माझ्या पायाखाली कौल फुटलं की खालून नुसती शिवी येत नाही, "अठराशे पासष्टचं फोडलंस!" असा इतिहासाचा आक्रोश येतो.

शनिवारी दुपारी पोचलो. रात्री जेवणं झाल्यावर बैठक बसली आणि गळत्यांची उजळणी झाली.

आमच्या घरात गळत्यांना नावं आहेत. देव्हाऱ्यावर टपकते ती देवाची. तिला कुणी फारसं बोलत नाही. सोप्यात दादांच्या खाटेच्या उशाला पडते ती दादांची. दादा खाट सरकवतात तशी तीही सरकते, असं दादांचं म्हणणं आहे. जमिनीच्या कागदांची पेटी जिच्यामुळं फुगली ती तलाठ्याची. आत्तीच्या लग्नात ऐन हळदीला सुरू झाली ती आत्तीची, आत्ती सासरी नांदायला गेली तरी ती इथंच राहिली. प्रत्येकीचं भांडं ठरलेलं आहे. देवाला तांब्या, दादांना घमेलं, आत्तीला पितळी टोप. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं हे आमच्याकडची पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात, तेव्हा पावसाळ्यात सकाळी उठल्यावर दादा आईला विचारतात, "आत्तीचा साठा किती?" मग आई पदर खोचून टोप अंगणात ओतते आणि घरभर विसर्ग जाहीर होतो.

रविवारी सकाळी सात वाजता मी शिडी चढलो. चपला खाली ठेवून. अनवाणी, रीपेच्या अंदाजानं, कौलावर कौल चढतं त्या जोडावर पाय ठेवत. हे सगळं अजून पायाला आठवतं. पोटाला आठवत नाही. वाकलं की ते मध्ये येतं.

खालची फौज तयारच होती. दादा अंगणात खुर्ची टाकून बसले. बायकोनं शिडी धरली. पोरगी मोबाइल घेऊन जोत्यावर उभी राहिली; मी पडलो तर ते तिला हवं होतं. आई आत माजघरात गेली, कारण वर उजेड कुठनं दिसतोय ते आतनंच कळतं. आणि मुंबईहून तात्या व्हिडिओ कॉलवर आले. तात्या माझे धाकटे चुलते. वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून आयुष्यभर पोती उचलली, आता कोपरखैरण्यात निवांत असतात. आढ्याच्या उगवतीकडचा पाख, म्हणजे छपराचा उतार, आमचा, मावळतीकडचा त्यांचा.

"माझ्या पाखावर पाय दिऊ नगंस," तात्या फोनमधनं म्हणाले.

"न्हाय देत."

"आन् तिकडची दोन-चार कौलं सरकल्याती म्हणं वानरांनी. तेवढी बघून घे."

पाय न देता कौलं कशी बघायची, हे मी विचारलं नाही. आढ्यावरची कोनकौलं वाटणीपत्राप्रमाणं निम्मी आमची आणि निम्मी त्यांची आहेत. भावाभावांत असा कागद करणाऱ्या त्या माणसाला एकदा तरी त्या आढ्यावर घोड्यासारखं बसवायला हवं होतं, म्हणजे आपण नेमकं कुणाच्या हद्दीत बसलोय ते कळलं असतं.

"डावीकडं!" दादा ओरडले.

मी डावीकडं गेलो.

"आरं डावीकडं!"

"डावीकडंच आहे."

"माझ्या डावीकडं!"

"दादा, तुमचं तोंड माझ्याकडं हाय. तुमची डावी ती माझी उजवी," पोरगी म्हणाली. आजोबाला ती दादाच म्हणते, आम्ही म्हणतो म्हणून. दादा म्हणाले, जन्मापासनं हाच डावा हात आहे.

तेवढ्यात आईनं आतून कळकाची काठी कौलांच्या फटीतनं वर काढली, उजेडाची जागा दाखवायला. ती नेमकी माझ्या तळपायाला लागली. मी उडी मारली. अठराशे पासष्टचं एक गेलं.

आठव्या ओळीत कौल उचललं तर खाली विंचू. मी किंचाळलो असं पोरीच्या व्हिडिओत दिसतं. माझ्या आठवणीत मी फक्त माहिती दिली होती.

"काळा का तांबडा?" खालून दादा.

"काळा."

"मग काय न्हाय. इंगळी हाय ती. तांबडा असता तर उतर म्हनलं असतं."

हे वैद्यकीयदृष्ट्या बरंचसं खरं आहे, तांबडा जास्त विषारी. पण सहा इंचांवरनं नांगी उचललेली असताना काळ्याबद्दल माणसाला एवढा जिव्हाळा वाटत नाही. मी कौल हळूच होतं तसं ठेवलं आणि त्या ओळीपुरती शाकारणी पुढच्या वर्षावर टाकली.

नऊच्या सुमाराला काचेचं कौल आलं. माजघराच्या डोक्यावर, आमच्या पाखात, एकच काचेचं कौल आहे. बाकी फुटलं तर फुटलं, हे फुटता कामा नये अशी सक्त ताकीद असते. म्हणून मी ते आधी काढलं, बायकोनं शिडीवर चढून घेतलं, वाकळेत गुंडाळून कणगीमागं ठेवलं. मग दुपार झाली, ऊन तापलं, कौलावर पाय ठरेना, जेवलो, पडलो, चारला परत चढलो, ओळी लावत आलो आणि मोकळ्या जागेपाशी थांबलो. मोकळ्या जागा दोन होत्या. एक काचेच्या कौलाची आणि एक आईच्या काठीनं झालेली.

"काचंचं कुठं हुतं?" मी खाली विचारलं.

सकाळपासनं मला प्रत्येक कौलाबद्दल तीन-तीन मतं देणारी माणसं एकदम गप्प झाली. दादा आभाळाकडं बघायला लागले. तात्यांचं नेटवर्क गेलं. ज्या एका माणसाला ते डोळे मिटून सांगता आलं असतं, ती जिजी वाकळा वाळल्या का बघायला नदीवर गेली होती. मी खालच्या जागेत काच बसवली, वरच्या जागेत साधं कौल, आणि उतरलो. दोन ओळींचा फरक.

आता जिजीचं आणि त्या कौलाचं सांगायला हवं. त्यातनं उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो. सकाळी तो फडताळावर असतो. तिथनं उतरत, सरकत तो जात्यावर आला की जेवायची वेळ. कणगीच्या बुडाशी पोचला की चहा. कणगीवर चढला की म्हशीची धार. भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याचा सेल दोनदा संपला आणि जिजीनं त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला. तिचं घड्याळ वर्षातनं एकदाच बंद पडतं, मिरगापासनं दसऱ्यापर्यंत.

सोमवारी मी रजा काढली होती, अंग हलत नव्हतं म्हणून. सकाळी अकरा वीसला जिजी चुलीपाशी येऊन आईला म्हणाली, "वाढ की गं, कवाचं ऊन जात्यावर आलंय." आम्ही जेवलो. दादांना भूक नव्हती तरी जेवले. अडीचच्या आत चहा आला. मग आई धार काढायला गेली आणि रिकामी चरवी घेऊन परत आली. म्हैस पान्हा सोडेना. घरात घड्याळाची खबर असलेलं तेवढं एकच जनावर निघालं.

जिजी माजघरात गेली. बराच वेळ वर बघत उभी राहिली.

"जिजी, आज दिस लवकर चाललाय का?" मी उगीच विचारलं.

"दिस कशाला लवकर चालंल? काच कुणी हालवली?"

पोरगी सातवीत गेली आहे, आणि तिच्या पिढीला कुठं गप्प बसावं ते कुणी शिकवलेलं नाही. "पप्पांनी. दोन ओळी खाली लावली. दोन ओळी म्हणजे दोन फूट. दोन फूट म्हणजे पाऊण तास होतो जिजी, मी सकाळपासनं खडूनं खुणा करून बघतेय."

मी मुकाट्यानं शिडीकडं निघालो.

"कुठं निघालास? बस खाली," जिजी म्हणाली. "येक काच बशिवली तर दोन कौलं फुटली. परत चढलास तर घर ऱ्हायाचं न्हाय. जातं सरकव."

दगडी जातं सरकवणं हे कौलं परतण्यापेक्षा सोपं आहे असं कुणी म्हणालं तर त्यानं ते पाटणला येऊन करून दाखवावं. मी आणि दादांनी पहारीनं ते उचकटलं, जिजीनं विती मोजल्या, तीन विता आणि चार बोटं, पोरीनं खडूनं रेघ मारली, आणि भर दुपारी आमच्या घरातले बारा वाजायची जागा बदलण्यात आली. मग कणगी. कणगीत नाचणी होती. ती आधी काढावी लागली.

त्याच रात्री वळीव आला. कोयनेच्या खोऱ्यात तो सांगून येत नाही, एकदम ढोल घेऊनच येतो. लाईट गेली. आम्ही अंथरुणात उठून बसलो आणि कान टवकारले. देवाची गळती, नाही. दादांची, नाही. तलाठ्याची नाही, आत्तीची नाही. दादा अंधारात काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी अंगावर वाकळ ओढून घेतल्याचा आवाज आला. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं मी अत्यंत सुखात होतो.

मग माजघरातनं आवाज आला. दगडावर पडलेल्या थेंबाचा. एक. मग दुसरा. आईनं बॅटरी मारली. नव्या जागेवर सरकवलेलं जातं, आणि बरोब्बर त्याच्या तोंडात, जिथं दाण्यांची मूठ सोडतात तिथं, थेंब पडत होता.

आईनं टोप शोधला. बायकोनं हसू दाबलं. मी भिंतीकडं तोंड करून घोरायला लागलो.

"पोरा," अंधारातनं जिजी म्हणाली, "झोपला न्हाईस ते कळतंय. ऊठ. जातं माघारी घे."