धबधब्याच्या पाच मिनिटं अलीकडून परत फिरवलं त्याबद्दल

नमस्कार मॅडम, आमच्या कॅम्पबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचा वीकेंड मनासारखा झाला नाही, टेंटमधली मॅट ओलसर निघाली आणि रात्री झोप नीट लागली नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. मॅटचं आम्ही बघतोच आहोत. पण "धबधबा दाखवतो म्हणून नेलं आणि पाच मिनिटं राहिलेली असताना गाईडने ओरडून परत फिरवलं, पेट फ्रेंडली फक्त नावाला" हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते वाचून खूप लागलं, आणि त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

निघायची वेळ सकाळी सातची होती. बुकिंगच्या मेसेजमध्ये आहे, आदल्या रात्री शेकोटीजवळ पण सांगितलं होतं. तुम्ही साडेदहाला तयार झालात. सुट्टीवर आलेल्या माणसाला उठवायला आम्हालाही बरं वाटत नाही म्हणून कोणी काही बोललं नाही, पण सातचं कारण तुमचा कुत्रा शेरूच होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्यांच्या गादीतून येतो तेवढाच, बाकी सगळी गरमी तो धापा टाकूनच बाहेर काढतो. त्याचं नॉर्मल टेंपरेचर मुळात ३८ ते ३९ डिग्रीच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. अकरानंतर वाटेतला कातळ असा तापतो की आपला हात ठेववत नाही, आणि तो बिचारा अनवाणी. म्हणून चढावर आमचा गाईड मुलगा सारखा सावलीत थांबवत होता, त्याला थोडं थोडं पाणी पाजत होता. तुम्ही लिहिलंय "गाईड मुद्दाम टाइमपास करत होता". मॅडम, तो टाइमपास नव्हता हो. शेरूची जीभ पूर्ण बाहेर आली होती, तुम्ही फोटो काढत होतात म्हणून कदाचित लक्षात आलं नसेल.

आता त्या पाच मिनिटांचं. धबधब्याच्या आधी वाट ओढा ओलांडून पलीकडे जाते आणि परतीलाही तोच ओढा, दुसरी वाट नाही. तुम्ही म्हणता ऊन पडलं होतं, पाऊस कुठे होता. बरोबर आहे, आपल्या डोक्यावर नव्हता, पण वरच्या डोंगरावर काळं झालं होतं, आणि ओढ्याचं पाणी वरच्या पावसाने वाढतं, आपल्या डोक्यावरच्या नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पाला आणि काटक्या वाहून यायला लागल्या की वरून लोंढा येतोय समजायचं आणि मागे फिरायचं, तिथे चर्चा करत बसायचं नसतं. वेगात असलेलं १५ सेंटीमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उपटू शकतं, कुत्र्याचं तर विचारूच नका. ती पाच मिनिटं पुढे गेलो असतो तर तुम्ही, शेरू आणि आमचा मुलगा तिघंही पलीकडे अडकला असता.

आणि तो ओरडला कारण शेरू सुटा होता. पट्टा लावा म्हणून वाटेत बऱ्याच वेळा सांगितलं होतं, तुमचं म्हणणं होतं की तो हाक मारली की येतो. घरी येतही असेल, पण धबधब्याजवळ त्या आवाजात हाक ऐकूच जात नाही त्याला. तो सरळ शेवाळलेल्या दगडांवरून डोहाकडे निघाला होता. खाली धबधबा पडतो तिथे पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो, त्या पाण्यात तरंगता येत नाही, चांगला पोहणारा कुत्रा पण खाली ओढला जातो. त्या क्षणी "प्लीज" म्हणायला वेळ नव्हता मॅडम. आमच्या मुलानेच धावत जाऊन त्याला हार्नेसला धरून मागे ओढलं, हे रिव्ह्यूमध्ये कुठेच नाही आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलंय.

साचलेलं पाणी पिऊ दिलं नाही ही पण तक्रार आहे. त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होऊ शकतो, लस घेतली असली तरी शंभर टक्के खात्री नसते, म्हणून बाटलीतलं पाणी देतो. संध्याकाळी त्याच्या कानामागे, बोटांच्या फटीत गोचीड शोधून दिले ते पण आमच्याच माणसांनी.

आमचं घर या शनिवार-रविवारवर चालतं, हा रिव्ह्यू वाचून "कुत्र्याला चालेल ना नक्की" असे फोन यायला लागलेत म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, राग मानू नका. पुढे वेळेबद्दल आणि पट्ट्याबद्दल अजून स्पष्ट सांगू, बाकी पण काही सुधारणा चालू आहेत. पाऊस ओसरला की परत या, धबधबा दाखवायचा राहिलाय तो दाखवू. फक्त शेरूला दीड-दोन मीटरचा साधा पट्टा आणा, तो बटण दाबून लांब सुटणारा नको, त्याची बारीक दोरी दगडात अडकते आणि झटका बसला की धरणारा माणूसच घसरतो.