स्वच्छ उन्हातले रडार

लहान बोटीवर रडार बसवले की धुक्याची भीती संपते, अशी ज्यांच्याकडे बोट नाही त्यांची ठाम समजूत असते. वस्तुतः धुक्याच्या भीतीत रडारच्या भीतीची भर पडते, एवढेच. मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी निर्माण करणारी नळी, तापेपर्यंत हे यंत्र दीडएक मिनिट ताटकळत ठेवते आणि त्यानंतर पडद्यावर जे अवतरते ते पाहून बाहेरचा समुद्र फारच सुशील वाटू लागतो.

‘गेन’, म्हणजे परतणारे प्रतिध्वनी टिपण्याची संवेदनक्षमता, वाढवावा तर पडदाभर ठिपक्यांचा सडा पडतो. कमी करावा तर पृथ्वीवर आपल्याखेरीज कोणी उरलेले नसते. लाटांवरून परतणारे प्रतिध्वनी पुसण्यासाठी ‘सी क्लटर’ नावाची स्वतंत्र सोय असते. ती जरा अधिक वापरली, की लाटांबरोबर जवळची लाकडी किंवा फायबरची होडीही पुसली जाते, कारण तिचा प्रतिध्वनी मुळातच क्षीण असतो. म्हणजे जिच्यावर आपण आदळण्याचा खरा संभव, तीच सर्वांत आधी अदृश्य होते, आणि पडदा मात्र अत्यंत नीटनेटका दिसतो.

लहान घुमटातल्या अँटेनाचा झोत आडवा साधारण ४ ते ५ अंश रुंद असतो. एका सागरी मैलावर ही रुंदी सव्वाशे मीटरांच्या पुढे जात असल्यामुळे, बंदराच्या तोंडाशी शंभर मीटर अंतरावर असलेल्या दोन बोया (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) लांबून एकच जाड पट्टी होऊन दिसतात, जणू आपली चाहूल लागताच बंदराने दार लावून घेतले आहे. पुरेसे जवळ गेल्यावर त्या विलग होतात; पण तेवढे जवळ जाण्याचे धैर्य पुरवणारी कळ अद्याप निघालेली नाही.

१९५६ साली ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या दोन जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिले होते आणि तरीही त्यांची टक्कर झाली. १९७२ च्या टक्करप्रतिबंधक नियमांतला सातवा नियम अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अनुमान काढण्यास मनाई करतो. हा ‘विशेषतः’ मला फार आवडतो. मसुदा करणाऱ्यांनी पडद्यासमोर बराच वेळ घालवला असावा.

म्हणून मी लख्ख उन्हात सराव करतो. समोरच्या बोटीचा ठिपका शोधायचा, त्यावर दिशारेषा टेकवायची आणि तो रेषेवरून ढळतो की त्याच रेषेने आपल्याकडे सरकतो, हे पाहत राहायचे. दुसरा प्रकार टकरीचा. बोटीवरच्या पाहुण्यांना हा उद्योग वेडाचा वाटतो.

“अहो, ती बोट दिसतेय की डाव्या हाताला,” परवा मेहुणे म्हणाले.

“पडद्यावर ती उजवीकडे आहे,” मी म्हटले. पडद्यावर उत्तर दिशा वर ठेवली असून आपण दक्षिणेला चाललो आहोत, तेव्हा दोन्ही विधाने बरोबर आहेत, हेही मी त्यांना सविस्तर समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत, अशी चौकशी केली.