पँट, धाप आणि सहावा मजला

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त होत नाही, तिच्यावर मिटिंग होते. मेंटेनन्स कोणी थकवलाय यावरून खाली कमिटी भांडत बसते आणि आम्ही सहाव्या मजल्यावाले एका हातात दूध, दुसऱ्या हातात गिरणीवरून आणलेलं दळण घेऊन जिने चढत असतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी माणूस असतो, त्याच्यापुढे नुसता लोहाराचा भाता.

परवा दारात येऊन टेकलो तर लेक म्हणाली, "बाबा, यू आर पँटिंग!" आईला हल्ली कमी ऐकू येतं. ती आतून ओरडली, "काय गं, पँट उसवली का त्याची? आण इकडे, टाके घालते."

बोलायला दम नव्हता, मग सोफ्यावर पडून मोबाईलवर शब्दाचं कूळ काढत बसलो. तर हा धापा टाकणारा पँट जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलाय, त्याच्यामागे लॅटिन, तिथे अर्थ वाईट स्वप्न पडून छाती दडपणं, आणि सगळ्यात मागे ग्रीक फँटासिया, म्हणजे कल्पना, भास. थोडक्यात धाप आणि फँटसी एकाच घराण्यातल्या. मला लगेच पटलं, कारण चौथ्या मजल्यावर मलाही भास होतात, लिफ्ट चालू झाल्याचा आवाज येतो.

घालायची पँट मात्र वेगळ्या घरातली. जुन्या इटालियन नाटकांत पँटालोने नावाचा व्हेनिसचा एक कंजूष म्हातारा असायचा, त्याच्या विजारीवरून पँटालून, आणि ते अल्टर करून पँट. त्याचं नाव ज्या संत पँटालेऑनवरून आलं म्हणतात तो पेशाने वैद्य होता. म्हणजे आईच्या पँटमागे पण डॉक्टर निघालाच की! आणि कंजूष म्हातारा तर आमच्याकडे खजिनदार आहेच.

"कुत्रंसुद्धा असंच करतं हो," ही म्हणाली, "पण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून अंग गार करतं. तुमचं काय?" मी म्हटलं, माणसाचं वेगळं असतं, चढताना स्नायू कार्बन डायऑक्साइड जास्त बनवतात, रक्तातला तो बाहेर टाकायला मेंदू श्वास वाढवतो, दरवेळी ऑक्सिजनच कमी पडलेला असतो असं नाही. पण एवढं बोलायला मला मध्येमध्ये थांबावं लागत होतं आणि शेवटचा हप्ता यायच्या आत ती गॅलरीतले कपडे काढायला निघून गेली.